नळीचं दुसरं टोक

एकोणीस ऑगस्ट. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. चिंचखोऱ्याच्या डोंगरावरचा खालचा चर फुटला. पाणी आणि गाळ पायथ्याच्या धनगरवस्तीवर आला. एक गोठा पडला. सात शेळ्या मेल्या. दारात बसलेल्या ठकूआजीच्या अंगावर गोठ्याची भिंत आली.

एवढीच घटना, मंडळी! बोटांवर सांगून संपते.

आता ऐका. आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यासमोर उभा आहे. हात देवाच्या कामात गुंतलेला होता — आणि त्याच हातानं घात झाला. मग त्या हाताचं काय करायचं? पदराखाली झाकायचा, की चारचौघांत वर करायचा?

वर करायचा! म्हणालात ना? कीर्तनात सगळेच शूर असतात! हे आमचे मृदंगमणी बघा, केवढी मान डोलावताहेत! अहो, परवा यांच्याच पायानं आमची समई लवंडली. विचारलं तर म्हणाले, "बुवा, मांजर आलं असेल!" आमच्या घरात मांजर नाही, मंडळी!

हसा, हसून घ्या. पुढे हसायला फारशी जागा नाही.

चिंचखोरं तुम्हाला ठाऊक आहे. इथून एक डोंगर ओलांडला की पलीकडे. आठ वर्षांपूर्वी तो डोंगर बोडका होता. जानेवारीत विहिरी तळाला, मार्चमध्ये टँकर. तिथं सखाहरी अण्णा म्हणून एक पोस्टमन. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच सोमवारी फावडं घेऊन एकटे डोंगरावर गेले! लोक म्हणाले, "अण्णांना पत्रं वाटायची सवय, आता दगडांना वाटणार!" पण सोमवार चुकला नाही. एकाचे चार झाले, चाराचे चाळीस. नाव पडलं — डोंगरराखे. पगार नाही, पद नाही, वर्गणी नाही. सोमवारी सकाळी सातला यायचं, दहाला उतरायचं.

करायचं काय? चर खणायचे. डोंगराला आडवे, लांब खड्डे; निघालेल्या मातीचा खालच्या कडेला बांध. पाऊस पडला की पाणी खाली पळत नाही — चरात थांबतं, तिथंच जिरतं. पण एक अट! चर सपाट पातळीत हवा. एक टोक जरा खाली गेलं, की सगळं पाणी त्या टोकाला धावतं.

मग पातळी बघायची कशी? नळीनं! पारदर्शक प्लास्टिकची नळी, वीस मीटर. तिच्यात पाणी भरायचं. पाणी दिसावं म्हणून चिमूटभर कुंकू. एकानं हे टोक धरायचं, दुसऱ्यानं ते. दोन्हीकडं पाणी जिथं उभं राहतं, ती एक पातळी. तिथं खुंट्या ठोकायच्या. डोंगर वाकडा असेल, माणूस वाकडा असेल — पाणी वाकडं उभं राहत नाही!

डोंगरराख्यांत नळीची जोडी ठरलेली. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला शेवंताबाई. शेवंताबाई ढमाले, वय बावन्न, दोन मुली सासरी, नवरा जाऊन अकरा वर्षं. शाळा तिसरीपर्यंत, पण डोळा असा की अण्णा म्हणायचे, "शेवंता, तू खुंटी ठोकलीस की मी डोळे मिटून खणतो."

आणि एक रिवाज होता. काम सुरू करण्याआधी नळीची दोन्ही टोकं एका खुंटीपाशी आणायची, शेजारी शेजारी धरायची. दोन्हीकडं पाणी बरोबरीला आलं, तर नळी खरी. नाही आलं, तर नळीत कुठंतरी बुडबुडा अडकलाय — पाणी ओता, पुन्हा भरा. याला ते म्हणायचे गळाभेट. व्याही व्याह्याला भेटतो ना, तशी! गळाभेट झाल्याशिवाय लग्न पुढे जात नाही, आणि नळी डोंगर चढत नाही.

बुडबुडा म्हटल्यावर तुम्ही सावरून बसलात! वाटलं, आता बुवा देह क्षणभंगुर म्हणणार. नाही हो! हा बुडबुडा नळीतला आहे. हरभऱ्याएवढा.

दहा मार्च, सोमवार. त्या दिवशी डोंगरराख्यांचा सत्कार होता. पाहुणे नऊला येणार. खाली मांडव, खुर्च्या, बोर्ड. आपल्या गावानं फेटे पाठवले होते, ट्रॅक्टर भरून माणसं गेली होती — आठवतंय ना? फेटे फार छान होते!

वर शेवंताबाई नळी भरत होत्या. अण्णांच्या डोक्यावर आधीच फेटा.

"अगं आटप शेवंता! पाहुण्यांना मोजणी दाखवायचीय, फोटो काढायचाय!"

"अण्णा, गळाभेट राहिली."

"आठ वर्षं भेटतोय आपण नळीला! एक दिवस नमस्कारावर भागव!"

लोक हसले. शेवंताबाईही हसल्या. टोक उचललं. फोटो निघाले. त्या सकाळी तीन चरांच्या खुंट्या लागल्या — खालचा, मधला, वरचा. तिन्ही धनगरवस्तीच्या माथ्यावर.

दहा वाजता शेवंताबाईंनी नळी रिकामी केली. पाणी निघता निघता नळीतून आवाज आला — गुडगूड!

आता हा आवाज आठ वर्षं नळी धरणाऱ्या बाईला कळणार नाही? कळला! बाईचा हात तिथंच थांबला. खालून हाक आली, "शेवंताबाई कुठायत? त्यांना हार घालायचाय!" बाईनं नळीची गुंडाळी केली, खांद्यावर टाकली आणि हार घालून घ्यायला खाली गेली.

मनात म्हणाली, पुढच्या सोमवारी बघू. पुढच्या सोमवारी चाळीस माणसं खुंट्यांवरून खणायला लागली होती. कुणाला थांबवणार? मे अखेरीस तिन्ही चर पुरे झाले.

मग आला एकोणीस ऑगस्ट. पहिल्या ओळीत सांगितलं तेच.

वीस तारखेला पंचनामा. तलाठी, सरपंच, अण्णा, गाव गोळा. तलाठ्यानं विचारलं, "चराचा बांध फुटला कसा?"

मग अण्णा बोलले. खोटं नाही बोलले हं, मंडळी! एवढंच म्हणाले, "तिथनं शेळ्या जातात."

सगळ्यांच्या माना एका माणसाकडे वळल्या. बिरू मरगळे, ठकूआजीचा मुलगा. गोठा त्याचाच. आई दवाखान्यात, कमरेचं हाड मोडलेलं. अंगावरचा चिखल अजून वाळला नव्हता. दुसरा कुणी असता तर अंगावर धावून गेला असता, म्हणाला असता — माझ्या शेळ्या? पुरावा दाखवा! बिरूनं काय केलं? हात वर केला!

"जात होत्या सायेब. बांधावनंच जात होत्या. वळवायला पायजे होत्या म्या. न्हाई वळवल्या."

तलाठ्यानं लिहून घेतलं. शेवंताबाई चार पावलांवर उभ्या होत्या. हात पदराखाली होता.

बावीस तारखेला पाऊस उघडला, तेव्हा बाई एकटी चर बघायला गेली. फुटलेल्या टोकाला गाळ काठोकाठ. दुसऱ्या टोकाला? तिथं तळाला फावड्याचे वार उन्हाळ्यात होते तसेच! गाळाचा कणही नाही. सगळं पाणी एकाच बाजूला पळालं होतं. शेळ्यांच्या खुरांनी चराचं एक टोक वीतभर खाली जात नाही, मंडळी! ते खुंट्यांनी जातं.

बाई वर गेली. मधला चर — तसाच कललेला. वरचा — तसाच. त्या पावसात फुटले नाहीत, एवढंच. दोन्हींचंही खालचं टोक वस्तीकडे.

तशीच उतरून अण्णांच्या ओसरीवर गेली.

"अण्णा, नळीत बुडबुडा होता."

अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली घेतला नाही. "कधी?"

"फेट्याच्या दिवशी. मी ऐकला. तुमच्याही हातात टोक होतं. वरचे दोन्ही चर फुटतील. ते पुन्हा मोजून घेऊ, खालचं टोक बांधू, पाणी ओढ्याकडं काढू. आणि बिरूभाऊला सांगू."

अण्णा म्हणाले, "शेवंता, आठ वर्षांपूर्वी या गावाला डोंगर कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक नव्हतं. आज चाळीस माणसं येतात. डोंगरराख्यांनी म्हातारी मारली असं उद्या कुणी म्हटलं, की सोमवारी किती येतील? तू आणि मी. डोंगर पुन्हा बोडका. तुला तेच हवंय का?"

"आजी जिवंत आहे अजून, अण्णा."

"असू दे. देव तिला बरं करो."

सांगा बरं, यात दुष्ट कोण? मी तर अण्णांना दुष्ट म्हणायला धजत नाही. आठ वर्षांत त्या माणसानं एक सोमवार चुकवला नाही, पोरीच्या हळदीलासुद्धा फावडं मारून आला! चांगलं काम वाचवायला निघाला होता. पण चांगलं काम वाचवायला एक गरीब माणूस उभा जाळावा लागत असेल, तर वाचलेल्या कामाला नाव काय द्यायचं? मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.

सहा सप्टेंबरला ठकूआजी गेली. दहावं झालं आणि बिरूनं उरलेल्या एकवीस शेळ्या विकून टाकल्या. बायको रडली. बिरू म्हणाला, "ज्यांच्या पायानं आई गेली, त्यांचं दूध काढू व्हय?"

हे शेवंताबाईंच्या कानावर आलं आणि बाईचं जेवण सुटलं. चार दिवस. पाचव्या दिवशी, उन्हं कलताना, ती वस्तीवर गेली. बिरू पडलेल्या गोठ्याचे दगड रचत होता. शेळ्या नाहीत — तरी गोठा रचत होता!

"बिरूभाऊ."

"या वैनी. बसा. च्या ठिव गं!"

"चहा नको. भाऊ, तुमच्या शेळ्यांनी नाही फुटला बांध. माझ्या हातानं फुटला. पातळी चुकीची धरली. मला ठाऊक होतं. मार्चपासून ठाऊक होतं."

बिरूच्या हातात दगड होता. तो खाली ठेवायला त्याला फार वेळ लागला.

"पंचनाम्याला हुतासा की तुम्ही."

"होते."

"म्या हात वर केला तवा?"

"होते, भाऊ."

बिरूनं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. बायकोला म्हणाला, "च्या नगं ठिवू." आणि आत निघून गेला. शेवंताबाई दिवेलागणीपर्यंत बाहेर उभ्या होत्या. दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईनं पारावर सगळ्या डोंगरराख्यांना सांगितलं — चूक माझी. येत्या सोमवारी वरचे दोन चर मोजायचे. हस्ताचा पाऊस लागायच्या आत. चाळीस माणसांनी ऐकलं. कुणी म्हणालं, "बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय." कुणी म्हणालं, "अण्णांना विचारू." अण्णा पारावर आले नव्हते.

येता सोमवार म्हणजे काल. घटस्थापना! आणि घटस्थापनेला मोकळा कोण असतो हो? घटाला काळी माती हवी, ती मात्र चाळीसही घरांनी डोंगराच्या पायथ्यावरूनच आणली!

सातला शेवंताबाई वर होत्या. नळी भरलेली, कुंकू घातलेलं. एकटीनं गळाभेट केली — दोन्ही टोकं एका खुंटीला, दोन्ही हातांत. बुडबुडा नव्हता. नळी खरी होती.

पण पुढे काय? तुम्ही म्हणाल, दुसरं टोक झाडाला बांधावं. बांधता येतं हो! पण तिथं पाणी कुठवर आलं, ते झाड सांगत नाही. त्याला डोळे लागतात. नळी एकट्यानं धरता येत नाही, मंडळी! तिला दुसरा माणूस लागतोच.

आठ वाजता दूधवाला एकनाथ डोंगराखालच्या रस्त्यानं गेला. त्यानं पाहिलं — बाई एक टोक धरून उभी आहे, दुसरं टोक वीस मीटरवर दगडावर ठेवलंय. मी विचारलं, "एकनाथा, वर का गेला नाहीस?" म्हणाला, "बुवा, कॅनमध्ये दूध होतं. नासलं असतं."

दूध नासलं असतं! खरं आहे. प्रत्येकाच्या कॅनमध्ये काहीतरी असतंच.

नऊच्या सुमारास वस्तीकडून एक माणूस चढून आला. बिरू मरगळे. त्या दगडापासून दहा पावलांवर येऊन थांबला. तासभर दोघं तसेच. मग बिरू खाली बसला. टोकाला हात लावला नाही, आणि गेलाही नाही.

आता गजर करायचा. तुमचे हात वर जातील. जाऊ द्या! पण वर गेलेल्या हाताकडे एकदा बघा. याच हातांनी मार्चमध्ये फेटे बांधले होते. त्या सकाळी गळाभेट राहिली, ती आपल्याच फोटोच्या घाईनं. डोंगर एकच आहे, मंडळी, त्याच्या दोन बाजूंना दोन गावं. हस्त चार दिवसांवर आला. ट्रॅक्टर आजही चालू आहे ना? फेटे न्यायला होता, माणसं न्यायला आहे का?

उत्तर मला देऊ नका. मी इथून उठणार, उद्या दुसऱ्या गावी उभा राहणार.

आज दुपारी चार वाजेपर्यंतचं मला कळलं ते असं. शेवंताबाई आजही वर आहेत. बिरू आजही त्याच जागी येऊन बसला आहे. अण्णांच्या घराचं दार उघडं आहे, अण्णा ओसरीवर आहेत, पेपर मांडीवर आहे. पश्चिमेला ढग धरलेत. नळीचं दुसरं टोक दगडावर आहे.