अकरा लामांचं कुंपण

(उंच डोंगरांतल्या मिठागराच्या काठावरचं एकुलतं घर. दुपार कललेली. अकरा लामा, उंटासारख्या लांब मानेची ओझ्याची जनावरं, बसले आहेत. त्यांच्याभोवती, आतल्या बाजूने, बासिलिया आणि तिचा नवरा तेलेस्फोरो दगड रचताहेत.)

बासिलिया : तो नको, गडगडेल. चपटा दे. अरे, बघतोयस कुठे?

तेलेस्फोरो : ढग बघ. मिठावर अजून बोटभर पाणी आहे. जेवढे वर चाललेत, तेवढेच खालीपण चाललेत.

बासिलिया : चालू देत. त्यांना दगड उचलायचे नाहीत.

तेलेस्फोरो : आठ दिवसांत आटेल बघ. मग मीठ फोडायला...

बासिलिया : यंदा नाही. शब्द दिलायस.

तेलेस्फोरो : दिलाय गं. नाही कुठे म्हणतोय?

बासिलिया : चाळीस वर्षं मीठ लादून खिंडीपलीकडे गेलास, मका घेऊन आलास. पुरे झालं. गेल्या खेपेला बर्फात अडकलास, अकरा दिवस पत्ता नाही. बाराव्या दिवशी मी घागरा सुतकाच्या काळ्या रंगात बुडवला, ठाऊक आहे? अर्धा भिजला आणि तुझ्या लामांची घंटा ऐकू आली.

तेलेस्फोरो : म्हणून तो तसा अर्धवट आहे होय!

बासिलिया : हसू नकोस. मला भीती वाटते रे. फार वाटते.

तेलेस्फोरो : ...दे तो दगड.

बासिलिया : आता यांनी चरायचं, लोकर द्यायची, रात्री इथे निजायचं. पाठीवर ओझं नाही. तुझ्याही नाही.

तेलेस्फोरो : वाटेत आमचं कुंपण म्हणजे एक दोर. यांच्या गळ्याएवढ्या उंचीवर, सगळ्यांभोवती. मनात आणलं तर खालून निघून जातील. जात नाहीत. रात्रभर गुणगुणत बसतात. मी मधोमध पडायचो. वाटायचं, आपण झोपलोय आणि डोंगरच चाललाय.

बासिलिया : अजून चालतोसच की. झोपेत मुक्कामांची नावं घेतोस. काल लाल झऱ्यापर्यंत पोचला होतास.

तेलेस्फोरो : पाणी होतं का त्याला?

बासिलिया : मला विचारतोस! रच गुपचूप.

तेलेस्फोरो : हा शेवटचा. झालं.

बासिलिया : छान झालं हं. चल, बटाटे निवतील. ...तेलेस्फोरो, दार कुठाय?

तेलेस्फोरो : कसलं दार?

बासिलिया : कुंपणाचं! लामा आत, आपण आत, बटाटे बाहेर!

तेलेस्फोरो : अगं, दोराला दार नसतं. सकाळी गुंडाळला की निघालो. मला कधी लागलंच नाही.

बासिलिया : आणि मीही येडी, दगड देत सुटले! ...ए. डोळे का पुसतोस?

तेलेस्फोरो : वारा आहे. ...नसू दे दार. दिसलं की पाय निघतील माझे.

बासिलिया : वेडा रे वेडा. ...ऊठ. पाड थोडे दगड.

तेलेस्फोरो : घराकडचे?

बासिलिया : खिंडीकडचे.

तेलेस्फोरो : तिकडून वारा येतो.

बासिलिया : येऊ दे. माझ्या भावाला सोबत न्यायचं, एकट्याने नाही. आणि खिंडीवर ढग दिसला की मागे फिरायचं.

तेलेस्फोरो : बासिलिया, तुझी भीती...

बासिलिया : ती माझी मी बघेन. पाड आता.

तेलेस्फोरो : किती रुंद ठेवू?

बासिलिया : दोन्ही अंगांना मिठाची पोती असली, तरी लामा घासता कामा नये, एवढं.