सासऱ्यांचा खरा पिक्चर

...आणि वर मलाच म्हणतात, "जावईबापू, एक साधी डिस्क उतरवून घेता येत नाही तुम्हाला?" साधी! तुम्हाला सांगतो, त्या डिस्कला गळा असता ना, तर मी तो दोन्ही हातांनी दाबला असता आणि ती निपचित पडल्यावर वरून चार लाथा घातल्या असत्या! पण एवढीशी गोल, चपटी, चकचकीत वस्तू... मारायचं म्हटलं तरी मारणार कुठे?

नाही, म्हणजे प्रकरण काय आहे बघा. आमचे सासरे सिनेमात मारामारीवाले. जन्मभर मार खाल्ला माणसानं! हिरो गच्चीवरून उडी मारतो ना, ती ह्यांची. हिरो काच फोडून रस्त्यावर पडतो, ते हे. आणि पडद्यावर काय दिसणार? पाठ! इतके पिक्चर केले आणि सगळ्यांत नुसती पाठ! तोंड दिसतं ते एकाच पिक्चरमध्ये, अगदी शेवटच्या. त्यात त्यांना चक्क गुंडाचं काम मिळालं. खिडकी फोडून आत घुसतात, खुर्ची उचलून सातजणांना लोळवतात, हिरोचं थोबाड फोडतात, आणि मग हिरो त्यांना उचलून तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकतो. खलास! आणि ह्या पिक्चरची आमच्याकडे एकुलती एक डिस्क, आता कुठे मिळतही नाही ती, आणि तिला गेला तडा. प्लेअर तिला आत घेतो आणि थुंकल्यासारखा बाहेर टाकतो. सासरे रोज ती उजेडात धरून तडा किती सरकला ते बघतात आणि काही बोलत नाहीत. ते ओरडले असते ना, तर मी खुशाल ऐकून घेतलं असतं, पण ते गप्प बसणं बघवेना हो! म्हणून मीच बोलून गेलो, "बाबा, काळजी सोडा, रविवारपर्यंत कॉम्प्युटरवर उतरवून देतो."

बोललो आणि फसलो!

घातली कॉम्प्युटरात. खर्र... खर्र... खर्र... आणि आली यादी. मला वाटलं, एक मोठा पिक्चर असेल, दोन-चार जाहिरातींचे तुकडे असतील, मोठा उचलायचा की झालं. कसलं काय! नव्याण्णव! नव्याण्णव पिक्चर त्या एका डिस्कमध्ये, आणि सगळे एकाच लांबीचे, सेकंदाचासुद्धा फरक नाही! आता तुम्हीच सांगा, ह्यातला खरा कुठला?

मेहुण्याला फोन लावला, त्याला सगळं येतं. "दाजी, सोप्पंय, सगळ्यात लांब असतो तो मेन!" अरे, सगळे सारखेच लांब आहेत! "मग सगळ्यात जड कुठलाय बघा." सारखेच जड आहेत रे! "हां हां हां... मग तो सापळा आहे दाजी. कॉपी करणाऱ्या चोरांसाठी. एकच खरा असतो, बाकीच्यांत तेच तुकडे उलटसुलट जोडलेले. बघून बघून शोधा!" आणि ठेवला फोन! म्हणजे चोर कोण? मी! माझ्याच सासऱ्यांची, त्यांच्याच पैशांनी घेतलेली डिस्क, आणि चोर मी! ज्यानं कुणी हा सापळा लावला ना, तो माझ्या समोर यायला पाहिजे होता, त्याचे हातपाय उलटसुलट जोडून दाखवले असते त्याला!

बसलो बघत. एका पिक्चरमध्ये हिरोचे चार दात पडतात आणि लगेच पुढे तो सगळी बत्तीशी दाखवत गाणं म्हणतोय! दुसऱ्यात सासरे खिडकी फोडतात, सातजणांना झोडपतात, आणि परत तीच खिडकी फोडून परत आत येतात! तिसऱ्यात ते धाडकन खाली पडतात आणि त्यानंतर हिरो दात-ओठ खात जिना चढतोय, त्यांना फेकायला! अरे, कुणाला फेकतोस बाबा? खाली पडलेत की ते! आता ह्यातला खरा कुठला, सांगा ना!

आणि हे सगळं एकट्यानं बघावं, तर तेही नशिबात नाही. सासरे शेजारी खुर्ची टाकून बसलेले, साक्षीदार म्हणून. आणि साक्ष कशी देतात? "इथे मी त्याची मान अशी धरली होती..." की धरली माझी मान! "आणि मग कोपर इथे..." की बसलं माझ्या बरगडीत! आमची ही दारातून ओरडतेय, "बाबा, सोडा, निळे पडलेत ते!" तर म्हणतात, "जाऊ दे गं, हळूच धरलंय."

शेवटी हात जोडले. म्हटलं, "बाबा, तुम्ही तिथे होतात, एवढंच सांगा, आधी काय होतं?"

"आधी मी मेलो."

"आधी?"

"पहिल्याच दिवशी मेलो. मारामारी सगळी नंतर."

"अहो, ते शूटिंग झालं! त्यांच्या सोयीनं उलटसुलट करतात ते. मी पिक्चरमधलं विचारतोय!"

"मेलं कोण? मी का तुम्ही?" आणि कॉलरला हात! त्यांनी आपलं बोट ठेवलं एकावर, ज्यात ते पहिल्या दहा मिनिटांत खाली पडून मरतात आणि मग उरलेला सगळा पिक्चर लोकांना बडवत फिरतात, आणि म्हणाले, "हाच खरा."

पण मीही इरेला पेटलो होतो. आणि मला सापडली ना खूण! रक्त! हिरोच्या शर्टावरचं रक्त! ते वाढत गेलं पाहिजे की नको? आधी थेंब, मग डाग, मग सगळा शर्ट लाल. नुसतं रक्त बघत गेलो, नव्याण्णवांतून खरा हुडकून काढला आणि उतरवून घेतला! मग सासऱ्यांचं तोंड बंद राहावं म्हणून त्यांचाही उतरवला, आणि तो संपतोय न संपतोय तोच आत फाडकन आवाज. डिस्कचे तुकडे! मी रागानं त्या मशीनला अशी लाथ घातली म्हणता... मशीनला काही झालं नाही, माझा अंगठा सुजला.

रविवारी सगळी मंडळी जमली. मी खरा लावायला गेलो तर सासरे म्हणाले, "माझा लावा," आणि उजवा हात नुसता वर केला. लावला. आता आमच्या सासूबाई, त्यांनी हा पिक्चर कधी बघितलेलाच नाही. नवरा पडद्यावर आला की पुढे मरणार, म्हणून तो आला रे आला की त्या उठून बाहेर जायच्या. ह्याही वेळी गेल्या. धाडकन आवाज झाला, मेले एकदाचे, म्हणून त्या परत आल्या, बसतात न बसतात तो खिडकी फुटली आणि सासरे आत!

"अगं बाई! उठले की हे!"

बसल्याच खिळून! खुर्ची उचलली, एक आडवा, दोन आडवे, तीन आडवे... सासूबाई एकदम म्हणाल्या, "अहो, तुम्ही पाय ओढताय."

"पडलो तेव्हाच गुडघा मोडला होता," सासरे पडद्याकडे बघत म्हणाले. "सांगितलं असतं तर दुसरा माणूस आणला असता त्यांनी. तोंड दिसणार होतं ना माझं."

मला तर, खोटं कशाला सांगू, भरून आलं. एवढे दिवस ज्या माणसाच्या नावानं बोटं मोडली, तो मोडक्या गुडघ्यावर सातजणांना लोळवत होता! शेवटी त्यांनी हिरोची कॉलर धरली, मूठ उगारली, आणि त्या उगारलेल्या मुठीवरच पिक्चर संपला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

आणि मी गाढव! मी म्हणतो, "आई, आता खरा लावतो हं."

"त्यात हे शेवटी मरतात?"

"हो, पण खरा तोच—"

"पुसा तो."

"आई, चार दिवस शोधून..."

"माझ्यासमोर पुसा."

पुसला! डिस्क फुटली, खरा पुसला, राहिला तो हा! आणि सासूबाई पदरानं डोळे पुसत विचारतात, "पण काय हो, त्या हिरोचं पुढे काय झालं?"

काय सांगणार? म्हटलं, "मेला आई. बाबांच्या एका बुक्कीत, जागच्या जागी मेला."

इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या, "परत लावा."