रथाचा पहिला मान

मंडळी, आज एकच प्रश्न — मान मोठा, की कान मोठा? हसू नका! मान म्हणजे फेटा, हार, पुढची खुर्ची. आणि कान? देवानं फुकट दिले, म्हणून आपण वापरतच नाही! बरं, आख्यानाआधी एक बारीकसं काम. कीर्तन उठलं, की ज्यानं त्यानं आपल्या खालची सतरंजी झाडून, घडी घालून कोठीत नेऊन ठेवायची. मंजूर? — अहाहा, काय खणखणीत 'मंजूर' आला! बोला, विठ्ठल विठ्ठल!

आता ऐका. बेलपांढरी आणि काटेसावर. दोन लहान गावं, मधे ओढा. दोघांच्या दोन नगरपरिषदा आणि दोन्ही तिजोऱ्यांत उंदीर उपाशी! म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी तोड काढली — मोठी वस्तू दोघांत एक घ्या, खर्च निम्मा-निम्मा. भरली संयुक्त सभा!

बेलपांढरीचे नगराध्यक्ष बजरंगशेठ खुटाळे. माणूस लाखाचा, पण मानाचा भुकेला! लग्न कुणाचंही असो, पहिला फेटा शेठना. नाहीतर नवऱ्यामुलाआधी शेठच रुसायचे!

मुख्याधिकारी वाचू लागले, "विषय पाचवा. दोन्ही गावांच्या सामाईक खर्चाने वैकुंठ—"

आणि तेवढ्यात, मंडळी, आली ना गरमागरम कांदाभजी! कुरुम कुरुम! त्या कुरकुरीतून शेठच्या कानात शेवटचं तेवढं शिरलं — "रथ!"

शेठला वाटलं, भैरोबाचा रथ! जत्रेत त्याचा आस मोडला होता ना! उठले ताडकन, तोंडात भजं तसंच. "रथ घ्या! पण रथाचा पहिला मान बेलपांढरीचा. आणि बेलपांढरीत माझा! लिहा ठरावात. माझ्याआधी कुणाचा नाही!"

एक जुने सदस्य पुटपुटले, "शेठ, भागीचं घोडं किवणानं मरतं." पण ऐकतो कोण? कान कुठं रिकामे होते!

काटेसावरच्या नगराध्यक्षा यमुनाताई भोरडे. बाईनं भजी खाल्ली नव्हती, म्हणून सगळं ऐकलं होतं! तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "घ्या की, शेठ. या मानाला आमची काही हरकत नाही!"

"मंजूर! मंजूर!" हात वर. बोटांना तेल!

पुढं रथ यायचा दिवस उगवला. मांडव, बँड, शेठच्या डोक्याला फेटा, शेठच्या घरच्या, आपल्या काकींच्या हातात ओवाळणीचं ताट. वळणावरून आली — पांढरी स्वच्छ गाडी! वर झेंडूच्या माळा, अंगावर ठसठशीत अक्षरं — वैकुंठरथ!

मंडळी, मेल्यावर न्यायची गाडी हो! बँडवाल्याचा सूर पिपाणीतच अडकला. काकींनी ताट तसंच माघारी नेलं. आणि ड्रायव्हर बिचारा साधा, त्यानं मागचं दार उघडून विचारलं, "पहिला मान कुणाचा?"

झालं! गाडी गेली शेडमध्ये. ठराव म्हणजे ठराव, शेठच्या आधी कुणी चढायचं नाही. आणि शेठला तर इतक्यात चढायचं नाही! ठराव फिरवायचा, तर पुन्हा सभा घ्यायची आणि उभं राहून म्हणायचं, "मी ऐकलं नव्हतं." ते कसं म्हणणार? जीभ झडेल, पण फेटा ढळणार नाही! बरं, गावही द्वाड. जो तो रस्त्यात विचारायचा, "काय शेठ, तब्येत कशी आहे?" वर बारीक चौकशी, "खोकला वाढलाय म्हणे?"

आणि ऐन वैशाखात झुंबरबाई कासारीण गेली. दोन्ही गावांच्या लेकीबाळींच्या हातात तिनं भरलेल्या बांगड्या! घर काटेसावरच्या टोकाला, स्मशान बेलपांढरीच्या पलीकडं. मागं एक जावई, चार म्हातारे. डांबर वितळायचं ऊन. बेलपांढरीपर्यंत आले आणि खांदे संपले. तिरडी टेकली कुठं? शेठच्या दुकानापुढं, लिंबाच्या सावलीत.

मागून यमुनाताई आल्या, अनवाणी. शेठ म्हणाले, "ताई, तुमच्या निम्म्या खर्चाची गाडी आहे, घेऊन जायची होती!"

"मान तुमचा आहे, शेठ. आम्ही कसा हिसकावू?"

शेठनं तिरडीकडं पाहिलं. आत काकी रडत होत्या. त्यांचा लग्नाचा चुडा झुंबरबाईनंच भरला होता. शेठनं डोक्यावरची टोपी काढली. आणि भर रस्त्यात म्हणाले, "मी ऐकलंच नव्हतं हो! मी भजी खात होतो. मला भैरोबाचा रथ वाटला! माझी चूक झाली. पहिला मान झुंबरबाईचा. ...मंजूर?"

कुणी हसलं नाही, मंडळी. सगळ्यांनी ऐकलं होतं. एव्हाना रस्त्यावर जमलेली दोन्ही गावं हळू आवाजात म्हणाली, "मंजूर."

शेठ स्वतः शेडकडं पळाले. गाडी आली. झुंबरबाईच्या पायांशी शेठ बसून गेले, मान खाली घालून. आणि गंमत पाहा, त्या दिवसापासून दोन्ही गावांत शेठचा मान वाढला!

बाबांनो, तो रथ तुमच्या-माझ्याही दारी यायचाय. खर्च सामाईक असो नसो, बसायचं एकेकट्यानं! तिथं फेटा चालत नाही. म्हणून हात वर करण्याआधी कान उघडा. घरात बायको बोलते, तेव्हा 'हं हं' करता ना? ऐकता का? म्हातारी आई काय सांगत होती सकाळी? आठवतंय?

बोला, विठ्ठल विठ्ठल! — अहो, थांबा, थांबा! चपलांकडं कुठं निघालात? सतरंज्या! मघाशी 'मंजूर' कोण म्हणालं होतं?