रक्षाची पदवी, बायाक्काची भाकरी

…आन वर मलाच म्हणतात, मष्णू, तुला कुणी सांगितलंतं मधी पडायला? आता पडलो म्हंजे काय हो? तुम्हाला सांगतो, चोपन्न वर्सं झाली मला, सातवी शिकलोय, उद्यमबागेत फौंड्रीत साचे भरून भरून हाताच्या रेघा पुसल्या, पण दुसऱ्याच्या घरात डोकं घालायची सवय मला कवाच लागली न्हाय. मी कुणाच्या मधी पडत न्हाय. फक्त काय हाय, परशरामचं घर आन माझं घर, मधी भिंत एकच, ती बी अर्ध्या विटेची. तिकडं फोडणी पडली की हिकडं मी शिंकतो. त्याचे साड्या विणायचे चार माग दिवसभर खडखड खडखड चालत्यात, आन सतरा वर्सं ऐकून ऐकून आता मला झोपेत बी कळतं कुठल्या मागाचा धोटा अडकला ते. मग त्या दिवशी चारी माग एका दमात बंद पडले तर माणसानं काय करायचं? लाईट गेली म्हणावं तर माझा पंखा फिरायलाय. अमावस्या म्हणावी तर ती परवाच झाली; अमावस्येला आमच्या वडगावात माग बंद, हे शेंबड्या पोराला बी म्हाईत. म्हंजे घरात कोणतरी आलं न्हायतर कोणतरी गेलं. मी आपला सहज वाटी घेऊन साखर मागायला गेलो. घरात साखर हुती, ती गोष्ट वेगळी.

बघतो तर सगळं घर एका मोबाईलपुढं. मोबाईल सुताच्या कोनाला, म्हंजे मोठ्या रिळाला, टेकवून ठेवलेला, आन त्यात रक्षा. परशरामची एकुलती एक लेक. दोन वर्सामागं हॉलंडला गेली, इंजिनेरिंगची वरची पदवी करायला, तवा बेळगावच्या स्टेशनात मी जेवढा रडलो तेवढा तिचा बाप रडला न्हाय. ती म्हणायलीय, "मी पास झाले. तीन म्हैन्यांनी पदवीचा समारंभ हाय. आई, आप्पा, आजी, तिघांनी बी यायचं. पदवी झाली की सगळे मिळून आठ दिवस जहाजातनं युरोप बघायचं. मला नोकरी लागलीय, तिकिटाचं माझ्याकडं लागलं. तीन जहाजांचे फोटो पाठवलेत. तुम्ही फक्त एक निवडा."

फक्त एक निवडा. अहो, आमच्या गल्लीत गणपतीच्या मांडवाचा रंग निवडायला तीन बैठका लागत्यात, आन पोरगी म्हणती जहाज निवडा!

पहिलं जहाज इटलीतनं सुटणार. अठरा मजली. आख्खा खडेबाजार आत बसवला तरी वर मोटरसायकली लावायला जागा उरंल असलं. दुसरं नॉर्वेचं, स्वेटर घालून उभं ऱ्हायचं आन बर्फाचे डोंगर बघायचे. आन तिसरी छोटी नाव, हॉलंडातल्याच कालव्यातनं फिरायची, चौघांपुरती, आपली आपणच चालवायची. तिघं बी फोटो बघून बघून दमली आन मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. का? तर पाण्याचा अनुभव. मी दोन येळा गोव्यात फेरीबोटीतनं पलीकडं गेलतो, त्यात एकदा मोटरसायकलीसकट.

मी म्हणलो, "हे बघा, मी कुणाच्या मधी पडत न्हाय. पण आता विचारलंय म्हणून सांगतो." आन पाट ओढून बसलो.

पयला अडला परशराम. तो म्हणतो, "मष्णू, आठ दिवस चार माग बंद म्हंजे खेळ न्हाय. त्यापेक्षा असं जहाज बघ, ज्याच्या आठ दिवसांत अमावस्या येती. माग त्या दिवशी तसाच बंद असतोय. म्हंजे माझे सातच दिवस मोडणार." आता सांगा. तिकडं गोरी माणसं जहाजात पोहायची टाकी हाय का बघत्यात, नाटकशाळा हाय का बघत्यात, आन हा कॅलेंडर घेऊन अमावस्या बघायलाय. पण मुद्दा बिनतोड हुता. मी बी माझा चष्मा काढला आन दोघं मिळून तिन्ही जहाजांच्या तारखा अमावस्येला जुळवायला बसलो.

दुसरी अडली बायाक्का. परशरामची आई. अठ्ठ्याहत्तर वर्सं, सगळे दात जाग्यावर, आन जीभ तर कवाच जाग्यावर नसती. तिचं एकच म्हणणं. "मला जोंधळ्याची भाकरी कोण देणार?" ही बाई सख्ख्या भाच्याच्या लग्नात फडक्यात भाकरी बांधून गेलती, पंगतीत बसून जिलबीशेजारी ती सोडली. सौंदत्तीला देवीच्या यात्रेला गेलो तरी आमचा टेम्पो आधी स्टोव्ह, तवा, काटवट आन पिठाचा डबा घेतो, मग माणसं घेतो. देवीला गेल्यावर तितं चूल पेटली तरच यात्रा पावली, असं आम्ही समजतो. म्हटलं तर ही बी यात्राच की.

आन तितं माझी बुद्धी चालली. चालली म्हंजे धावलीच. तिसऱ्या नावेचा फोटो मी दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आन खिडकीच्या आत बघतो तर काय… शेगडी. चार तोंडाची. शेजारी भांडी धुवायची सोय. वर फळीवर कपबश्या.

"बायाक्का," मी म्हणलो, "ह्या नावेत सैपाकघर हाय."

तुम्हाला सांगतो, आख्खं घर उठून उभारलं. बायाक्कानं माझ्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. परशराम म्हणाला, "आन ह्या नावेला तारीख आपण ठरवंल ती. अमावस्या घालूया मधी." मी यादी करायला घेतली. तवा एक, काटवट एक, जोंधळ्याचं पीठ दहा किलो, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, सुक्या मिरच्या. कामं वाटली. सुकाणू परशरामकडं. फोटो रक्षाकडं. देवाचं नाव बायाक्काकडं.

"आन भाकरी?" बायाक्कानं विचारलं.

"भाकरी हाय की," मी म्हणलो.

हाय की. भाकरी काय आभाळातनं पडती? पण तवा ते कुणाच्याच ध्यानात आलं न्हाय बघा. भाग्यलक्ष्मी वैनी, म्हंजे परशरामची बायको, ती कोपऱ्यात चाकावर सुताच्या कांड्या भरत बसलेली. ही बाई पहाटेला उठून सैपाक करती, मग कांड्या भरती, मग सैपाक, मग माग बघती, परत सैपाक. माहेर गोकाककडचं, कमी बोलती, आन राग आला की कन्नडात बोलती. तिनं चाक थांबवलं. खाली बघूनच म्हणाली, "ना बरंगिल्ला."

मी येत न्हाय.

परशराम म्हणतो, "येत न्हाय म्हंजे? का?"

मग मराठीत सांगितलं, एकदम शांत. "भाकरी थापायला विमानात कशाला बसायचं? हितं थापते की. हितली शेगडी निदान माझ्या ओळखीची हाय." आन चाक परत सुरू.

आता ह्यात माझं काय चुकलं? मी कुणाच्या मधी पडत न्हाय. मी फक्त फोटो मोठा केला.

दोन दिवस भिंतीपलीकडं माग चालू, आन वैनीचा नकार बी चालू. परशरामला वाटलं, येईल वळणावर. त्यानं दोनदा सांगून बघितलं, "अगं, चारच माणसांच्या भाकरी." ती म्हणाली, "व्हय, हितं तिघांच्याच असत्यात." तिसऱ्या दिवशी रक्षाचा फोन आला, थेट माझ्या मोबाईलवर. मी म्हणलो, "बोल गं बाळा." ती म्हणती, "काका, ती तिसरी नाव बघायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच पाठवलीस की."

"ती माझ्या मैत्रिणींसाठी बघितलेली, चुकून त्यात गेली. काका, मी आईला जहाजात कशाला न्यायलेय, ठाऊक हाय? मी जन्मल्यापास्नं तिला गरम भाकरी खाताना बघितलेलं न्हाय. आम्ही सगळे उठलो की तव्याशेजारी बसून राहिलेलं खाती. मला आठ दिवस तिला बसलेलं बघायचंय. बसलेलं, आन कोणतरी वाढायलंय असं. आई येणार नसली तर मी स्टेजवर चढत न्हाय. पदवी पोस्टानं घेते."

मी फोन ठेवला आन आमच्या सैपाकघराकडं बघितलं. कारण आमच्या घरात बी तेच की. माझी बायको, जयाबाई, ती तरी कुठं बसती जेवायला? ती दारात उभी राहून सगळं ऐकत हुती. मला म्हणाली, "अवो, नाव कुणी निवडली?"

"मी."

"मग जावा. मोडून या."

गेलो. जयाबाई बी मागनं आली. बायाक्कापुढं जाऊन बसलो, आन हातच जोडले. म्हणलो, "बायाक्का, आठ दिवस दहीभात खा. त्या मोठ्या जहाजात सगळं मिळतंय. पण ती सैपाकाची नाव नको."

बायाक्का म्हणती, "मला कुणी विचारलं का, तुला जायाचं हाय का म्हणून? मला पाण्याची भीती वाटती रं. तळ्याच्या पायरीवर सुद्धा मी दुसऱ्याचा हात धरती. पोरगी एवढ्या हौसेनं बोलावती, न्हाय कसं म्हणायचं? म्हणून भाकरी पुढं केली. म्हटलं भाकरी मिळणार न्हाय, आपोआप सुटंल. तर हा मुडदा शेगडी काढून दावतो."

परशरामनं कपाळाला हात लावला. वैनीच्या हातातली कांडी तशीच ऱ्हायली.

"सुनेला जाऊ दे," बायाक्का म्हणाली. "तिची लेक हाय. पदवी मी मोबाईलवर बघीन. फक्त मागं माझी भाकरी कोण करणार, तेवढं सांगा."

सगळ्यांनी जयाबाईकडं बघितलं. आता ती व्हय म्हणणार, असंच मी धरून चाललोतो. तीस वर्सांचा संसार हाय. तर जयाबाई पदर खोचून म्हणती, "माझ्याकडं काय बघता? मी कुणाच्या मधी पडत न्हाय."

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

जहाज शेवटी वैनीनंच निवडलं. रक्षानं मोबाईलवर विचारलं, "आई, तुला कुठलं पाहिजे?" वैनीनं एकच सवाल केला, "सैपाकघर सगळ्यात लांब कुठल्यात हाय?" रक्षा म्हणाली, इटलीच्या जहाजात, आपल्या खोलीपास्नं अकरा मजले खाली. "मग तेच." अमावस्या त्या आठ दिवसांच्या आदल्या दिवशी संपती. परशरामनं कॅलेंडर उलटं करून टांगलं आन आठच्या आठ दिवस माग बंद केले.

पदवी बघायला बायाक्का आमच्या घरात आली, स्वतःच्या मागावर विणलेलं जुनं लुगडं नेसून. रक्षा काळा झगा घालून स्टेजवर चढली, आन बायाक्कानं मोबाईलच्या काचेवरच कुंकू लावलं. अजून पुसलेलं न्हाय.

आन ती दोघं गेल्यापास्नं मी भाकरी थापायलोय. तुम्हाला सांगतो, लोकांना वाटतं भाकरी म्हंजे काय, पीठ आन पाणी. अहो, फौंड्रीत मातीचा साचा कसा, एकदा बसवला की बसला. हे पीठ बसतच न्हाय. पयल्या दिवशीची भाकरी उचलली तर कर्नाटकाचा नकाशा झाली, टाकताना त्याचा बी एक तालुका सुटून पडला. दुसऱ्या दिवशी गोल झाली, पण मधी एवढी जाड की तिच्यावर धोंडा ठेवून चटणी वाटावी. हाताला दोन फोड आले. बायाक्का समोर पाटावर, हातात काठी. "पाणी गरम घे. अजून गरम. मळ. मळ म्हणलं तर कुरवाळतोस काय? कडा पातळ कर." जयाबाई तिच्याशेजारी बसलेली, ताट पुढं घेऊन, निवांत. म्हणती, "मला बी एक टाका, गरम असताना." आता हिनं गरम कवा मागितली हुती? मी टाकली. करपली. तिनं सगळी खाल्ली, आन ताट परत पुढं केलं.

काल जहाजाचा सहावा दिवस. जहाजातनं फोन आला, तोंड दिसतंय तसला. भाग्यलक्ष्मी वैनी. साडीवर स्वेटर, पुढं पांढरं शुभ्र टेबल, त्यावर ताट, आन दोन्ही हात मांडीवर. कायबी न करता. सतरा वर्सांत मी तिचे हात असे बघितले न्हायत. म्हणती, "अण्णा, हितं ताट बी उचलू देत न्हाईत. मी पयल्या दिवशी धुवायला निघाले तर तो पोरगा घाबरला." आन हसली. मागं रक्षा डोळे पुसायलीय, मला दिसत हुतं. परशराम खायलाय.

मग वैनीनं सासूबद्दल, तिच्या आत्यांबद्दल, बारीक आवाजात विचारलं. "आत्या जेवल्या का हो?"

मी म्हणलो, "पोटभर."

"अर्धीच," बायाक्का मागनं म्हणाली. "वातड हुती."

वैनी लगेच, "अगंबाई… आम्ही लवकर येऊ काय? अजून दोन दिवस हैत."

माझ्या मनात एका क्षणात केवढी पहाट झाली म्हणून सांगू. पण बायाक्कानं माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला, तोंडाजवळ धरला, आन शांतपणे म्हणाली, "सावकाश या गं. घाई करू नकोस. मष्णूचा हात आत्ता कुठं बसायलाय."

जयाबाईनं पिठाचा डबा पुढं सारला. मी घेतला.