रत्नाकरपंतांनी धरलेली जागा

मंडळी, ऐका! आज फार मोठं तत्त्वज्ञान सांगत नाही. एकच साधा प्रश्न विचारतो. जागा कुणाची? जो आधी येऊन धरतो त्याची, की जो येऊन बसतो त्याची?

थांबा, थांबा — लगेच उत्तर देऊ नका! पुढच्या रांगेतल्या आजोबांनी बोट वर केलंय. आजोबा, बोट खाली घ्या, आधी आख्यान ऐका!

भक्तीचे प्रकार किती? नऊ. पहिला कोणता? श्रवण! आणि दुसरा? कीर्तन! म्हणजे बघा, इथे फेटा बांधून उभा मी, घसा कोरडा करणार मी, आणि नंबर माझा दुसरा. पहिला नंबर तुमचा! तुम्ही नुसते बसलायत आणि देवानं तुम्हाला माझ्या वर बसवलंय. तबलजी हसतायत. हसा, तुमचा तर यादीत नंबरच नाही!

पण मंडळी, नुसतं येऊन बसणं म्हणजे श्रवण का? त्यावरच आजचं आख्यान. पुराणातलं नाही, पुण्यातलं आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

डिसेंबर महिना. पुण्यात थंडी पडली की काय होतं? कपाटातले स्वेटर बाहेर येतात, डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो, आणि गाण्याचे मांडव उभे राहतात! नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतली लेक-जावई, बंगळुरातला मुलगा, सगळे घरी. सकाळी नाटक, दुपारपासून गाणं, येताजाता चित्रांचं प्रदर्शन. सुट्टी कशी गेली कळत नाही. अशाच एका मोठ्या मैदानावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव. कडेला खुर्च्या, सोफे. आणि मंचासमोर, अगदी मंचाला लागून, भारतीय बैठक. म्हणजे काय? खाली जाजम, आणि वर आपली आपण आणलेली चादर!

आता ही चादर म्हणजे साधी वस्तू नव्हे. दुपारी फाटक उघडलं की एरवी गुडघे धरून चालणारी माणसं पळत सुटतात. काखेत चादर! मंचासमोर गेलं की झटकली, पसरली, एका कोपऱ्यावर थर्मास, एका कोपऱ्यावर उशी, एका कोपऱ्यावर चपला. संपलं! तेवढी जमीन तुमची. मग तुम्ही घरी जाऊन झोपून आलात तरी कुणी हात लावत नाही. असा तिथला रिवाज.

या रिवाजातले मोठे सरदार म्हणजे आमचे रत्नाकरपंत फाटक. निवृत्त माणूस. गाण्याचा खरा भोक्ता, खोटं का बोला! कुणी कुठल्या वर्षी कुठला राग गायला, तोंडपाठ. डोक्याला कानटोपी, अंगावर शाल, आणि काखेत दोन मोठ्या चादरी. सात-आठ जणांची जागा धरायची. मेहुणा येणार, मेहुण्याचा मुलगा अमेरिकेतून आलाय तो येणार, बँकेतले मित्र येणार. येणार कधी? मोठे कलाकार बसतील तेव्हा, संध्याकाळी!

आणि तोवर त्या चादरी राखायच्या कुणी? सांगा! अहो, बायकांनी लगेच सांगितलं बघा. त्यांच्या पत्नीनं! यमुनाबाईंनी. पंत चादर पसरायचे आणि हिंडायला मोकळे. यमुनाबाई चादरीच्या मधोमध बसून चारी कोपऱ्यांवर लक्ष ठेवायच्या. कुणाचा पाय पडला की “अहो, जागा धरलीय”. असं वर्षानुवर्षं. महोत्सवाला दर वर्षी हजर, पण गाणं कधी ऐकलं? लक्ष सगळं चादरीवर!

मी त्या दिवशी कुठे होतो? बैठकीच्या मागे बांबू बांधलेला होता, त्या बांबूला टेकून उभा. मला कोण जागा देतो! कीर्तनकार म्हणजे स्वतः बोलणारा माणूस, तो ऐकायला येतो हेच कुणाला खरं वाटत नाही.

तेवढ्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या आतबाहेर, नऊवारी नाही, साधं सुती पातळ, हातात कापडी पिशवी. चादरीच्या कडेला उभ्या राहिल्या. पुढे मोकळी जागा दिसतेय. म्हणाल्या, “दादा, हितं बसलं तर चालंल का वो?”

पंत म्हणाले, “जागा धरलेली आहे.”

“कुनी दिसत न्हाई म्हनून इचारलं.”

“येणार आहेत.”

“मंग ते येईपोतर बसते की. आले की उठते.”

“बाई, तसं नसतं! चादर दिसत नाही का? पास नाही का तुमच्याकडे?”

“हाय की, पास हाय. तिकडं कडंला सोफ्याचा हाय. पर तितनं म्होरं कॅमेरेवाली उभी हायेत, मंचावरचं मानूस दिसत न्हाई. माज्या लेकीला...”

पंतांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “लेकीलाही घेऊन मागेच बसा! आज एकाला बसवलं की उद्या सगळं पुणं बसेल!”

यमुनाबाई हळूच म्हणाल्या, “अहो, बसू द्या ना. कुणी आलेलं नाहीये अजून.”

“तुला कळत नाही. तू जागेकडे बघ.”

त्या बाई वळल्या. पिशवी सावरली आणि मागे आल्या, बांबूपाशी, माझ्या शेजारी. मी विचारलं, “बाई, कुठून आलात?” म्हणाल्या, “बार्शीहून.” आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐका, मंडळी.

नाव कलावती ढगे. घरी शिलाई मशीन, परकर-झबली शिवतात. मुलगी शर्वरी, लहानपणापासून गाते. घरातले म्हणाले, पोरीच्या जातीला गाणं कशाला? ही बाई एकटी उभी राहिली. पोरीला पुण्याला गुरूंच्या घरी धाडली. आणि आज तिचं पहिलं गाणं, एवढ्या मोठ्या मांडवात! पोरगी आईला काय म्हणाली? “आई, घरी तू मशिनीवर असायचीस आणि मी समोर बसून सा लावायचे. इथं पण मला दिसशील अशी बस. तू दिसली नाहीस तर माझा सा लागायचा नाही.”

एवढंच मागणं! पैसा नको, हार नको. आई दिसायला हवी. आणि आई कुठे? बांबूच्या मागे, एका उंच माणसाच्या पाठीमागे!

तिकडे निवेदन झालं. “आता आपल्यासमोर येत आहेत बार्शीच्या तरुण गायिका शर्वरी ढगे!” आणि पंत उठले. ऐकायला? छे! शेजारच्या चादरीवरचे पंतांचे मित्र येऊन उभे होते. “चला पंत, नवोदित आहे. वडा गरम आहे तोवर जाऊन येऊ.” तिथला दुसरा रिवाज हा! पहिला कलाकार म्हणजे वड्याची वेळ. आजूबाजूच्या चादरींवरचेही उठले. गेले सगळे बटाटेवड्याकडे!

पोरगी मंचावर आली. नमस्कार केला, वर बघितलं. समोर काय? चादरी! थर्मास, उशा, चपला, आणि एकट्या यमुनाबाई. अहो, मोठमोठ्या गवयांचा घसा बसेल असं दृश्य! तंबोरे सुरू झाले. पोरीनं सा लावला. हलला. पुन्हा लावला. हलला. थांबली, पाणी प्यायली. जुळलेला तंबोरा पुन्हा जुळवायला घेतला. हात तंबोऱ्याच्या खुंटीवर, आणि डोळे? डोळे मांडवभर हिंडतायत!

माझ्या शेजारी कलावतीबाई टाचा उंच करतायत, हात वर करतायत. पोरीला दिसत नाहीत. मला फार वाईट वाटलं, मंडळी. ओरडावंसं वाटलं.

पण यमुनाबाईंनी त्या पोरीच्या डोळ्यांकडे बघितलं. ही कुणाला शोधतेय? मान मागे वळवली. बांबूपाशी वर उठलेला हात दिसला. मघाचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. माज्या लेकीला...

आणि यमुनाबाई उठल्या!

जागा राखायला बसवलेली बाई उठली! थर्मास उचलला, उशी उचलली, दोन्ही चादरी खसाखसा ओढून गुंडाळल्या. जागा धरायला ठेवलेल्या चपला बाजूला सारल्या. आणि भर मांडवात हाक मारली, “अहो बार्शीच्या बाई! या, पुढे या!”

कलावतीबाई दचकल्या. “नगं वो. ते दादा रागावत्यात.”

“ते माझे यजमान आहेत. त्यांच्या रागाचं मी बघते. तुम्ही या आधी! आणि तुम्ही सगळे उभे का? या की!”

आम्ही गेलो! मीही गेलो, फेटा सांभाळत. मागे ताटकळलेली माणसं पुढे येऊन जाजमावर बसली, आणि अगदी मधोमध, मंचासमोर, कलावतीबाई. पोरीनं आईला बघितलं. तोंडावर हसू आलं. डोळे मिटले आणि सा लावला.

चमत्कार झाला असं सांगणार नाही. देव खाली उतरला नाही, दिवे आपोआप लागले नाहीत. सा लागला, एवढंच! पण असा लागला की यमुनाबाईंच्या मांडीवरची चादरीची वळकटी सुटून खाली पडली आणि त्यांना कळलं नाही. भीमपलास रंगला. वड्याच्या रांगेतली माणसं हातातलं ताट घेऊन परत येऊ लागली.

त्यात पंतही आले. दोन्ही हातांत वडे. बघतात तो जागा भरलेली! बांबूपाशी अडकले. तिथल्या रखवालदाराला म्हणाले, “अहो, ती माझी जागा आहे!”

रखवालदार म्हणाला, “चादर कुठाय?”

घ्या! त्यांचाच कायदा त्यांच्यावर उलटला. राग तर असा आला होता! पण गाणं चालू होतं, आणि मघाशी म्हटलं ना, माणूस खरा भोक्ता. दोन ताना कानांवर पडल्या आणि पंत बांबूला टेकले. मग त्यांची नजर यमुनाबाईंवर गेली. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. हाताची बोटं ताल धरत होती. पंतांनी बायकोला गाणं ऐकताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं!

गाणं संपलं. टाळ्या! पोरगी उठली, मंचाच्या कडेला आली, गुडघे टेकले आणि खाली बसलेल्या बाईच्या पायांकडे हात नेऊन तो कपाळाला लावला. मग पंतांना कळलं, आपण कुणाच्या आईला मागे घालवलं ते. तोंड उतरलं. वाट काढत पुढे आले. हातातले वडे कलावतीबाईंपुढे धरले. म्हणाले, “बाई, मी... मघाशी मी...”

कलावतीबाईंनी वर बघितलं. त्यांना सुनावता आलं असतं! तुम्ही-आम्ही असतो तर सोडलं असतं का? त्या बाईनं काय केलं? पातळ आवरून घेतलं, मांडी सरकवली आणि म्हणाल्या, “उभं का दादा? बसा की हितं. आमी सरकतो.”

पंत बसले. स्वतःच्याच जागेवर, दुसऱ्याच्या मेहरबानीनं. दुसरा कलाकार बसेपर्यंत वर मान केली नाही त्यांनी.

तर मंडळी, जागा कुणाची? धरणाऱ्याची नाही. नुसत्या बसणाऱ्याचीही नाही! सरकणाऱ्याची आहे. जो सरकला, त्याच्या शेजारी देव येऊन बसायला वाव आहे.

माना हलवताय? छान. आता बायकांनो, पुरुषांनो, शेजारी बघा. वहिनींची जागा म्हणून पिशवी ठेवलीय. भाऊजी येणार म्हणून रुमाल पसरलाय. आजोबा, तुमची ती काठी आडवी कुणासाठी? आणि मागे वळून बघा. दारात, चपलांपाशी, बायामाणसं कधीची उभी आहेत. कुणाची आई आहे, तुम्ही विचारलंत का?

पिशव्या उचला. रुमाल उचला. मी थांबतो, मला घाई नाही. गजर तोंडानं मागाहून करू, आधी अंगानं करा.

हां... या बाई, आत या. सरका, अजून थोडं सरका. बसली सगळी? आता वाजवा टाळी — विठ्ठल, विठ्ठल!