गजूकाकाचा इटलीवाला

हसू नका बे, कोणी पैज लावली का मले राहवतच नाही, हाच माहा वांधा आहे.

आमच्या साकोलीच्या गजूकाकाले रेडिओ सेटवर विदेशी लोकांशी बोलायचा भारी नाद. बोलणं झालं का समोरचा पोस्टानं कार्ड धाडते, अन् कार्ड आलं तरच ते बोलणं पक्कं मानतात. काकाले एकबी कार्ड आलं नव्हतं.

माहा दोस्त पप्या म्हणे, "दम असंल तर विदेशी बनून काकाशी बोल!"

काकाचाच जुना सेट घेऊन मी त्यायच्या म्हशीच्या गोठ्यात लपलो. नाकातून बोललो, "हॅलो इंडिया! अँटोनियो, इटाली!" पत्ताबी मनानंच ठोकला.

काकानं आपलं कार्ड लगेच पाठवलं, अन् अख्ख्या मोहल्ल्यात सांगतलं. मंग रोज पोस्टमनची वाट. काकी टोमणे मारे, "तुमचा इटलीवाला मेला का काय?" काका हसे, पण अर्ध्या जेवणावरून उठे.

एक दिवस काका मलेच म्हणे, "बापू, माहं इंग्रजी चुकलं असंल. साहेब रागावला वाटते. सेट इकूनच टाकतो आता."

मी धावतच गोठ्यात गेलो. बटन दाबून म्हटलं, "हॅलो इंडिया!"

तिकडून काका घाबरून, "अँटोनियो साहेब! सॉरी, सॉरी!"

"तुम्ही कायले सॉरी म्हणता काका," मी म्हटलं, "इटली तुमच्या म्हशीपाशी बसून आहे."