हिरवं होईपर्यंत

थोरली: …आणि आज परत लाल! काल लाल, परवा लाल. तुझा तो ईटीएफ आहे की दुखरा दात? सारखी जीभ तिकडेच जाते.

धाकटी: जाऊबाई, आधी कात्री खाली ठेवा. गिऱ्हाइकाचा कोट आहे तो. एका हातात फोन, एका हातात कात्री, कापाल भलतंच काहीतरी.

थोरली: तू म्हणाली होतीस, पैसे टाकायचे आणि विसरून जायचं. कसं विसरतात, ते पण शिकव. गॅसवरचं दूध विसरते मी, हे विसरत नाही.

धाकटी: सकाळपासून कितीदा उघडलंत?

थोरली: मोजतंय कोण? काजं करताना, चहा ओतताना. तू पाणी प्यायला उठलीस तेव्हा.

धाकटी: म्हणजे माझ्या पाठीमागे!

थोरली: सगळं विकूनच टाकते. भाऊजींचं काय झालं, विसरलीस?

धाकटी: माझ्याच नवऱ्याचं मी विसरेन? मित्र कानाला लागला आणि ह्यांनी होतं नव्हतं ते एका कंपनीत ओतलं. कंपनी बसली, आपलं दुसरं मशीन विकावं लागलं. म्हणून तर तुम्हाला एक कंपनी घेऊ दिली नाही मी. यात मोठमोठ्या पुष्कळ कंपन्यांचा थोडाथोडा हिस्सा असतो. एक आडवी झाली तरी बाकीच्या उभ्या असतात.

थोरली: आज सगळ्याच आडव्या दिसतायत.

धाकटी: होतात कधीकधी. बाजार पडला की हाही पडणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाच-सात वर्षं हात लावायचा नाही, असं ठरलं होतं ना आपलं?

थोरली: तुझं ठरलं होतं. मी मान डोलावली.

धाकटी: बरं, द्या तो कोट इकडे. तुम्ही जरा टेका… अहो, हे काय?

थोरली: आता काय झालं?

धाकटी: कोट गडद निळा, आणि बाहीला दोरा काळा घातलाय तुम्ही.

थोरली: काहीतरीच. निळाच आहे तो.

धाकटी: उजेडात धरून बघा.

(थोरली कोट दाराशी नेते. बराच वेळ बघत राहते.)

थोरली: उसवून टाक.

धाकटी: परवा सुई ओवायला मला हाक मारलीत. मला वाटलं, हातात काम असेल. कधीपासून दिसत नाही?

थोरली: दिसतं गं. धुरकट दिसतं. मोतीबिंदू म्हणाले डॉक्टर. ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका म्हणाले.

धाकटी: मग?

थोरली: मग काय! पैसे अडकलेत यात. म्हटलं, भाव वर येऊ दे, एकदा हिरवं दिसू दे, की तारीख घेते.

धाकटी: कधी म्हणाले डॉक्टर?

थोरली: दुकानाला रंग काढला ना, तेव्हा.

धाकटी: तेव्हापासून? आणि मी शेजारी बसून तुम्हाला धीर धरा, धीर धरा म्हणतेय! अहो, लवकर लागणारे पैसे यात ठेवायचेच नसतात. अडीअडचणीचे वेगळे आहेत ना, विचारलं तेव्हा हो म्हणाला होतात.

थोरली: होते तेव्हा. लेकीच्या कॉलेजात गेले. अशी ओरडू नकोस, रस्त्यावरून माणसं बघतायत.

धाकटी: बघू देत. हिरवं कधी होईल, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. उद्या होईल, नाहीतर वर्षाने. तोवर काय चाचपडत शिवणार? आणा तो फोन. ऑपरेशनपुरते विकू.

थोरली: तोट्यात?

धाकटी: थोड्या तोट्यात.

थोरली: म्हणजे अक्कलखाती जमा.

धाकटी: असू दे. बाकीचे राहू देत तिथेच, ते तुमच्या म्हातारपणाचे आहेत. आता इथे भाव लिहायचा. नुसतं विका म्हटलं, तर मिळेल त्या भावाला जातं.

थोरली: तूच लिही. मला तो आकडा…

धाकटी: तुमचे पैसे, तुम्हीच लिहा. अक्षर मोठं करून देते. हं. दिसतंय?

थोरली: दिसतंय… दाबू?

धाकटी: दाबा.

थोरली: गेले?

धाकटी: विकले गेले. एक-दोन दिवसांत पैसे बँकेत घेता येतील. आता दादांना सांगा.

थोरली: तोट्याचं सांगेन गं ह्यांना. त्यावर ते काही बोलायचे नाहीत. डोळ्यांचं ऐकलं की जेवणार नाहीत.

धाकटी: मी येते बरोबर. आत्ताच जाऊ, तारीखही घेऊन टाकू.

थोरली: आणि दुकान?

धाकटी: तुम्ही चप्पल घाला. मी शटर ओढते.